कावळा, माड आणि भाटकार

गोव्यात माडाखाली स्कूटर लावणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर घाईत असतो. २० मीटर उंचीवरून सुटलेला नारळ खाली येईपर्यंत ताशी ७० किलोमीटरचा वेग गाठतो. सोडणासकट त्याचं वजन दीड किलो धरा. मग खांद्याचं काय होईल, ते सांगायला नको.

समजा, फोंड्याकडच्या एका वाड्यावर असा नारळ कुणाच्या तरी खांद्यावर पडला. दर तीनेक महिन्यांनी पाडेली बोलावून नारळ उतरवून घ्यायचे असतात, पण भाटकाराने, म्हणजे बागेच्या मालकाने, वर्षभर कुणाला बोलावलंच नव्हतं. हलगर्जीपणा उघड आहे. सगळा वाडा म्हणेल, भरपाई द्या.

कोर्ट इथे थांबून विचारतं: पाडणी वेळेवर झाली असती, तर हा खांदा वाचला असता का? पडलेला नारळ सुका असेल तर उत्तर सोपं आहे, तो मागच्याच पाडणीत उतरला असता. पण त्या रात्री वावटळीत चांगला निरोगी माडच मुळासकट आडवा झाला असेल तर? पाडेली आदल्या दिवशी येऊन गेला असता तरी खांदा मोडलाच असता. भाटकाराची चूक तेवढीच राहते, पण तिचा आणि खांद्याचा धागा तुटतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण म्हणतो ते हेच. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या पंडितांनी, यावर भरपूर डोकं चालवलं होतं. मडक्याचं कारण कोण? माती, चाक, दांडा, कुंभार. मग माती वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतंच की! पण ते ‘अन्यथासिद्ध’, कारण त्याच्यावाचूनही मडकं झालं असतं. निष्काळजीपणाच्या खटल्यात वकिलांची अर्धी झुंज याच गाढवावरून चालते.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण लंडनचं आहे. १९६६ साली रात्रपाळीच्या तीन पहारेकऱ्यांनी चहा घेतला आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. ते जवळच्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना न तपासताच, घरी जा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा, असा निरोप दिला. काही तासांत त्यांतला एक दगावला. चहात आर्सेनिक होतं. इस्पितळाने कर्तव्यात कसूर केली, हे कोर्टाने मान्य केलं. तरीही विधवा खटला हरली. तपासणी, निदान आणि उतारा या सगळ्याला लागणारा वेळ मोजल्यावर दिसलं की तो माणूस बहुधा वाचलाच नसता. मला हा निकाल तर्काला धरून वाटतो, पण वाचताना दर वेळी घशात अडकतो.

इथे विज्ञानाची अडचण सुरू होते. ‘झालं नसतं तर’ हे जग कुणी पाहिलेलं नसतं, त्याचा अंदाजच करावा लागतो. दिवाणी दाव्यात पुराव्याचं पारडं निम्म्याहून जास्त झुकलं की पुरे. पण निम्म्याच्या अलीकडेच राहिलं तर? इंग्लंडमध्ये १३ वर्षांचा एक मुलगा झाडावरून पडला. इस्पितळाने खुब्याची दुखापत ओळखायला पाच दिवस लावले आणि तो कायमचा अधू झाला. वेळीच उपचार झाले असते तरी बरं होण्याची शक्यता २५ टक्केच होती. खालच्या कोर्टाने त्या हिशेबाने पाव भरपाई दिली. १९८७ साली वरिष्ठ न्यायपीठाने तीही काढून घेतली: ७५ टक्के शक्यतेने खुबा पडतानाच गेला होता, म्हणजे कायद्याच्या लेखी तो गेलेलाच होता.

रोगांच्या बाबतीत तर गोंधळ आणखी वाढतो. समजा, धुळीत काम न करणाऱ्या १००० जणांपैकी १० जणांना एखादा फुफ्फुसाचा आजार होतो आणि धुळीत राबणाऱ्या १००० पैकी १५ जणांना. त्या १५ पैकी ५ जण धुळीमुळे आजारी पडले. पण कोणते ५? कुणाच्याच कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. प्रत्येकाच्या बाबतीत शक्यता एक तृतीयांश, म्हणून निम्म्याचा नियम काटेकोर लावला तर पंधराही जण रिकाम्या हाताने घरी जातील. हाच आकडा १५ ऐवजी ३० असता, तर तिसांनाही भरपाई मिळाली असती. त्यातल्या १० जणांना तो आजार तसाही होणार होता, तरीही! साथरोगशास्त्र समूहाबद्दल बोलतं आणि न्यायाधीशासमोर एकच माणूस खोकत उभा असतो.

ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमा या कर्करोगाने उलटा पेच टाकला. तिथे कारण बहुतेक नक्की असतं, पण आजार उमटायला ३०-४० वर्षं लागतात आणि तोवर कामगाराने चार मालक बदललेले असतात. कुणाकडची धूळ भोवली, हे विज्ञान सांगू शकत नाही. २००२ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने अशा दाव्यांपुरता नियम सैल केला: मालकाच्या चुकीने धोका लक्षणीय वाढला, एवढं पुरे.

आपल्याकडे फौजदारी प्रकरणात मात्र दोरी घट्ट धरलेली असते. मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. मालकाने ज्वलनशील मालाच्या जवळच बर्नर चालू ठेवले होते. तरीही १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा त्याच्यावरचा ठपका काढून टाकला. एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतलं, हे आगीचं लगतचं कारण ठरलं. आगीशी निष्काळजीपणे वागल्याचा वेगळा गुन्हा तेवढा कायम राहिला.

म्हणून वकील सहानुभूतीची गोष्ट ऐकण्याआधी केसपेपर मागतात आणि त्यावरची वेळ बघतात. किती वाजता आणलं, किती वाजता तपासलं, पहिलं इंजेक्शन कधी दिलं. माझी आजी कोठाराच्या दारामागे कोळशाने पाडणीची तारीख आणि नारळांचा आकडा लिहून ठेवायची, तो पाडेल्याच्या हिशेबासाठी. आमच्या माडाखाली कधी कुणाचा खांदा मोडला असता, तर बाबांना ते दारच बिजागऱ्यांसकट काढून कोर्टात न्यावं लागलं असतं.