‘आल्मान्या’ची पार्श्वभूमी : दोन पासपोर्टांचा तिढा

‘आल्मान्या’ हा जर्मन विनोदी चित्रपट २०११ साली आला. त्यात तुर्कस्तानातून कामासाठी जर्मनीत आलेले आजोबा आहेत; त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाची आई जर्मन, वडील तुर्की. शाळेत फुटबॉल खेळताना तुर्की मुलं आणि जर्मन मुलं असे दोन संघ पडतात आणि याला कुणीच घेत नाही. ‘आपण तुर्की की जर्मन?’ असं तो घरी विचारतो, तेव्हा आईवडील एकाच दमात वेगवेगळी उत्तरं देतात.

पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला ३० ऑक्टोबर १९६१ रोजी. माणसं दोन वर्षं राबतील आणि परत जातील, असा हिशेब होता. पण शिकवलेला कामगार घालवून नवा आणणं कारखानदारांनाच परवडेना, आणि १९६४ मध्ये ती मुदतीची अट गेली. १९७३ साली भरती थांबली. एकदा गेलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत, या धास्तीने बरेच जण तिथेच राहिले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं.

मुलं तिथेच जन्मली, तरी कायद्याने परकीच राहिली. १९१३ पासून जन्मतः जर्मन नागरिकत्व रक्ताच्या नात्यानेच मिळत होतं. १९९९ मध्ये नव्या सरकारने दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य करायचं ठरवलं. विरोधकांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, त्याच लाटेवर हेसेन राज्याची निवडणूक जिंकली आणि राज्य सरकारांचे प्रतिनिधी बसतात त्या वरिष्ठ सभागृहात केंद्र सरकारचं बहुमत गेलं. मग तडजोड झाली. १ जानेवारी २००० पासून, आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहिलेले असतील, तर तिथे जन्मलेलं मूल जर्मन ठरू लागलं; मात्र अठरा ते तेवीस या वयात त्याने जर्मन आणि आईवडिलांच्या देशाचा यांपैकी एक पासपोर्ट निवडायचा, नाहीतर जर्मन नागरिकत्व जाणार.

जन्मतः दिलेला हक्क ऐन उमेदीच्या वयात परत मागणारी ही तरतूद माझ्या मते साफ अन्यायाची होती. आणि ती सर्वांना सारखी नव्हतीच. युरोपीय संघातल्या देशांच्या मुलांना पुढे दोन्ही पासपोर्ट ठेवता आले. आईवडिलांपैकी एक जर्मन असेल, तर निवडीचा प्रश्नच येत नसे. म्हणजे चित्रपटातल्या नातवासारख्या मुलाला कायद्याने दोन्ही देश दिले होते, त्याच्याच वर्गातल्या, आईवडील दोघेही तुर्की असलेल्या मुलाला मात्र एक सोडावा लागणार होता. संक्रमणकालीन तरतुदीमुळे १९९० नंतर जन्मलेल्यांनाही अर्ज करून हे नागरिकत्व घेता आलं होतं. त्यातली थोरली मुलं चित्रपट आला तेव्हा नेमकी या मुदतीत अडकलेली होती.

चित्रपटातल्या आजोबांना जर्मन पासपोर्ट मिळण्याआधी पडणारं स्वप्नही याच वातावरणातलं. आठवड्यातून दोनदा डुकराचं मांस खायचं, असं त्यात अधिकारी त्यांच्याकडून कबूल करून घेतो.

जर्मनीतच वाढलेल्यांसाठी निवडीची सक्ती २०१४ च्या डिसेंबरात उठली. २७ जून २०२४ पासून तर दुहेरी नागरिकत्व सर्वांनाच खुलं झालं आणि सुरुवातीला भरती होऊन आलेल्या ‘पाहुण्या’ कामगारांसाठी भाषेची अटही सैल झाली. तोवर त्यांच्यातले कित्येक जण हयात नव्हते. म्युनिक-स्टुटगार्टच्या मराठी कुटुंबांना या बदलाचा फारसा उपयोग नाही, कारण दुसरा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व आपल्याच कायद्याने जातं.