गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास, मुंबई

मुंबईत सुमारे ६०० एकरांवर ५८ कापडगिरण्या होत्या. त्यातल्या बहुतेक लालबाग, परळ, वरळी, भायखळा या गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. चाळींच्या दाटीत, रेल्वेच्या अगदी लगत असलेली ही जमीन पोरांना मैदान आणि गिरणी कामगारांना घर देऊ शकत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ त्यासाठीच होता. ५ ते १० हेक्टरांच्या गिरणीत ३३ टक्के जमीन महापालिकेला मैदाने व बागांसाठी, ३४ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ३३ टक्के मालकाला.

सगळे अवलंबून होते ते मोजणी कशाची करायची यावर. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. उभ्या इमारतींखालची जमीन वगळली. गिरणीची रचना पाहिली की नुकसान कळते. साचेखाते, म्हणजे कापड विणण्याचा विभाग, ही करवतीच्या दातांसारख्या छपरांची पसरट, एकमजली शेड. बहुतेक आवार तीच व्यापते. ६ हेक्टरांच्या गिरणीत ५ हेक्टरांवर बांधकाम असेल, तर मैदानाचा वाटा १.९८ हेक्टरांवरून ०.३३ हेक्टरावर येतो. क्रिकेटचे पूर्ण मैदान त्यात मावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. सगळ्या गिरण्यांचा एकत्र आराखडा करून मोकळ्या जागा जोडाव्यात, ही वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाची १९९६ ची सूचना मागेच पडली होती.

घरे मिळाली, पण गरजेपेक्षा फार कमी. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरतो. पुरावा म्हणजे तिकीट नंबर, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीची नोंद. कामगार वारलेला, कागद गावच्या घरातल्या पेटीत, आणि आडनावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे: वारसांचे अर्ज अशाच गोष्टींवर अडतात.

शेडच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, रोजगारही आला; पण स्थानके गिरणीच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. मनोऱ्याला परवानगी देतानाच पूल आणि जिने रुंद करायला हवे होते.