किती जोर लावायचा?

हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला, म्हणजे डाव्या अलिंदाला, बोटभर लांबीचा एक खिसा लटकलेला असतो. गर्भावस्थेतल्या मूळ अलिंदाचा तो उरलेला भाग. बहुतेकांना त्याचं अस्तित्वही कळत नाही. पण एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं, म्हणजे अलिंद लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसतंच थरथरू लागलं, की या खिशात रक्त साचतं आणि गोठतं. गुठळी सुटली तर तिचा रस्ता उघडाच आहे: डावं निलय (खालचा कप्पा), महाधमनी, मेंदू. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांच्या डाव्या अलिंदात ज्या गुठळ्या सापडतात, त्यांतल्या सुमारे ९० टक्के याच खिशात असतात. फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट.

यावर पहिला उपाय रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा. ॲसिट्रॉम घेणारे आजोबा ज्या घरात आहेत, तिथे आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघणाऱ्या तपासणीची, तारीख आणि मेथी-पालक किती खायचा याची चर्चा नवी नाही. नव्या गोळ्यांनी तो जाच बराच कमी केला. तरी ज्यांना आतड्यातून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय, त्यांना आयुष्यभर अशी गोळी देताना डॉक्टर बिचकतात. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग निघाला: खिशाचं तोंडच बंद करायचं. छाती न उघडता माणसात असा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला. ‘वॉचमन’ या उपकरणाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात न्यायची, मधला पडदा सुईनं भेदून डावीकडे जायचं आणि मिटवलेली जाळी, म्हणजेच हे उपकरण, खिशाच्या तोंडाशी उघडायची. नळीचा आतला व्यास सुमारे ४ मिलिमीटर. खिशाचं तोंड, समजा, २२ मिलिमीटर. वर्णन करताना सगळेच छत्रीचं उदाहरण देतात. ते अर्धंच बरोबर आहे. छत्री एकदा उघडली की तिचं काम झालं. ही जाळी मात्र कधीच पूर्ण उघडत नाही, आणि तसंच अपेक्षित असतं. २२ मिलिमीटरच्या तोंडात २७ मिलिमीटरची जाळी बसवतात. ती दबलेली राहते आणि भिंतीला सतत बाहेर रेटते, म्हणून जागेवर टिकते. रेटा कमी पडला तर ती निसटून रक्ताबरोबर वाहत जाईल. जास्त झाला तर भिंत फाटेल. ती भिंत जागोजागी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. माझ्या मते या उपकरणाचं सगळं डिझाइन या एका प्रश्नात आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

साध्या स्प्रिंगचं इथे भागत नाही. भोसरीतल्या कुठल्याही स्प्रिंगवाल्याला विचारा: दुप्पट दाबली तर ती दुप्पट जोरानं उलटून येते. म्हणजे खिशाच्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की भिंतीवरचा जोर कुठल्या कुठे जाणार. शिवाय स्टील अर्ध्या टक्क्याच्या आसपास ताणलं की कायमचं वाकतं. म्हणून निटिनॉल. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू १९५९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी पुढे आणला. ते शोधत होते क्षेपणास्त्राच्या नाकासाठी धातू. हा ६ ते ८ टक्के ताणूनही मूळ आकारात येतो. लक्ष्मी रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात मुरगळली तरी सरळ होणारी फ्रेम मिळते, ती बहुधा याचीच.

खरी गंमत पुढे आहे. निटिनॉल वाकवायला सुरुवात केली की आधी जोर वाढतो, मग एका टप्प्यावर धातूच्या स्फटिकांची रचना बदलू लागते, आणि तिथून पुढे वाकणं वाढलं तरी जोर जवळजवळ तेवढाच राहतो. सोडताना तो परत येतो, पण कमी जोरानं. दाबायला गेलं तर अवघड, उलटून रेटताना मवाळ! हृदयासाठी नेमकं हेच हवं: खिसा आवळला तरी जाळी चेपत नाही आणि एरवी भिंतीवर तिचा भार सौम्य, फारसा न बदलणारा असतो. मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी त्यामुळे खपून जातं.

बनवताना बारीक नळीतून लेझरनं जाळी कापतात, साच्यावर फुलवतात आणि ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. तिथे मिळालेला आकार ती ‘लक्षात’ ठेवते. मग विद्युत-रासायनिक पद्धतीनं पॉलिश, कारण एका ओरखड्यातून तडा सुरू होऊ शकतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. दहा वर्षांचे ३६-३७ कोटी होतात. म्हणून नमुने यंत्रावर ४० कोटींच्या घरात वेळा दाबून-सोडून बघतात. चाकणला गाडीचे सुटे भाग तपासणाऱ्यांनाही हा आकडा मोठाच वाटेल.

तरी खिसे वेडेवाकडेच. डॉक्टर त्यांना फ्लॉवर, निवडुंग, कोंबडीचा पंख अशी नावं देतात. तोंड बहुधा लंबगोल, जाळी गोल; फटीतून थोडं रक्त झिरपू शकतं. जाळीवरच्या पॉलिस्टरच्या कापडावर शरीराच्या पेशींचा थर चढायला काही आठवडे लागतात. तोवर रक्त पातळ ठेवावंच लागतं, नाहीतर गुठळी जाळीवरच धरते. डॉक्टर उपकरण सोडण्यापूर्वी ते हलकेच ओढून बघतात, सोनोग्राफीत फट आणि जाळी किती दबली आहे ते मोजतात. मनासारखं नसेल तर पुन्हा नळीत ओढून घेतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भारतात अजूनही अनेकांचं फिब्रिलेशन संधिवाताच्या तापानं आकसलेल्या मायट्रल झडपेमुळे असतं. त्यांच्या गुठळ्या खिशापुरत्या राहत नाहीत, मोठ्या कप्प्यातही होतात. त्यांना ही जाळी चालत नाही, जुनी गोळीच लागते. मात्र फिब्रिलेशनच्या रुग्णाची हृदयावर दुसऱ्या कारणानं शस्त्रक्रिया होणारच असेल, तर सर्जन त्याच वेळी खिसाही बंद करू शकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७७० रुग्णांच्या चाचणीत खिसा बंद केलेल्यांपैकी ४.८ टक्के जणांना, तर न केलेल्यांपैकी ७ टक्के जणांना पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचा त्रास झाला. यातले बहुतेक जण गोळ्याही घेतच होते.