स्पिनिंग रीळ की बेटकास्टर : गोव्याच्या नदीसाठी वेगळं, स्पर्धेसाठी वेगळं

नदीवर गरवायचा, म्हणजे गळाने मासे पकडायचा, नाद नव्याने लागलेली मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात : स्पिनिंग घेऊ की बेटकास्टर? प्रश्नामागे बहुतेक वेळा एक समजूत असते. अमेरिकेतल्या बास माशाच्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात पट्टीचे खेळाडू रॉडच्या पाठीवर बसवलेलं छोटं, बसकं रीळ वापरताना दिसतात. मग वाटतं, स्पिनिंग शिकाऊंचं आणि बेटकास्टर तयार झालेल्यांचं. या समजुतीपायी लोक चांगले पैसे भलत्या ठिकाणी घालतात आणि सहा महिन्यांनी ते रीळ कपाटात पडलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण या दोन रिळांत वरचं-खालचं काही नाही, त्यांची कामं वेगळी आहेत.

फरक समजायला रिळातला स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेला भाग, बघा. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं आणि फेकताना त्याचा स्पूल जागचा हलत नाही. तारेची कमान, म्हणजे बेल, उघडली की दोरा स्पूलच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो. शिलाईच्या रिळावरून दोरा टोकाकडून ओढावा तसा. कापडगिरण्यांच्या धंद्यातल्या इलिंगवर्थ नावाच्या इंग्रजाने 1905 साली अशा रिळाचं पेटंट घेतलं. बेटकास्टरची जात त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातले घड्याळजी तशी रिळं हाताने घडवत. ते रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल स्वतः गरगर फिरतो. बाकीचे सगळे फायदे-तोटे या एका गोष्टीतून निघतात.

हात झटकला की लुअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, वेगाने सुटतो आणि बेटकास्टरच्या स्पूललाही तोच वेग देतो. पुढे हवेच्या विरोधाने लुअर मंदावत जातो, पण स्पूल आपल्याच जोरावर फिरत राहतो. लुअर मागेल त्यापेक्षा जास्त दोरा बाहेर येऊ लागतो, तो सैल दोरा स्पूलवरच फुगतो आणि त्याचीच वेटोळी एकमेकांखाली अडकतात. क्षणात सगळा गुंता. तो होऊ नये म्हणून रिळात चुंबकाचा किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतो, बाजूला स्पूल कसायची छोटी चकती असते, पण खरा ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. लुअर पाण्याला टेकायच्या आत अंगठा स्पूलवर टेकला पाहिजे. चकती कशी लावायची, तर लुअर रॉडच्या टोकाशी लटकत ठेवा, बटण दाबून स्पूल मोकळा करा. लुअर सावकाश खाली उतरला आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला, तर चकती बरोबर बसली. लुअर बदलला की हे परत करायचं, कारण वजन बदललं. पुष्कळ जण हे करत नाहीत आणि रिळाला शिव्या देतात.

आपल्याकडे यात वारा भर घालतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की मांडवी, झुआरी किंवा शापोराच्या तोंडाकडे उभं राहून पश्चिमेला फेकणं म्हणजे लुअरला समोरून धक्का देण्यासारखंच. तो लवकर मंदावतो आणि बेटकास्टर गुंतायला टपलेलंच असतं. स्पिनिंगला हा त्रास नाही. त्याचा त्रास वेगळा : बारीक ब्रेडेड (विणलेला) दोरा सैल राहिला तर पुढच्या फेकीत त्याच्या गाठी पडतात. त्यावर उपाय सोपा आहे. लुअर पाण्यात पडला की बेल हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि दोरा एकदा ताणून घ्या. दुसरं, मासा दोरा ओढून नेत असताना आणि ड्रॅग (ताण वाढला की दोरा सुटू देणारा रिळातला ब्रेक) कुरकुरत असताना हँडल फिरवत राहू नका. त्यात दोरा येत तर नाहीच, वर प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो.

आता आपलं पाणी. चोणक आणि तांबसो हे दोन मासे लुअरने गरवणाऱ्यांचे खरे मानकरी, आणि दोघांचे स्वभाव निराळे. चोणक खाजनांच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांच्या) बांधाशी, मानशीच्या (त्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी, पुलाच्या खांबांच्या सावलीत दबा धरतो. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मानशीतून पाणी बाहेर धावू लागलं की त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि शेवटो माशाची पिल्लं वाहत येतात, आणि प्रवाहाच्या कडेला, जिथे वाहतं आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं, तिथे चोणक तोंड वर करून असतो. (मानशीतल्या मासळीचा हक्क गावात लिलावाने दिलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये.) इथे लहान, हलका लुअर लागतो. शेवट्याच्या पिल्लाएवढा मिनो (माशाच्या आकाराचा कडक लुअर) किंवा 7 ते 10 ग्रॅमच्या जिगवर (वजन जोडलेल्या गळावर) लावलेला रबरी मासा. एवढं कमी वजन साध्या बेटकास्टरला नीट फेकता येत नाही, कारण स्पूल हलवायलाच जोर लागतो. त्याची सुखाची हद्द साधारण 10-12 ग्रॅमच्या पुढे सुरू होते. हलक्या वजनासाठी उथळ स्पूलची खास बेटकास्टर निघाली आहेत, पण त्यांच्यावर दोरा कमी आणि बारीक मावतो. मोठा चोणक धावला तर काळजाचा ठोका चुकतो.

म्हणून बांधावरून, जेटीवरून, काठावरून गरवणाऱ्याने पहिलं रीळ स्पिनिंगच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. 3000 किंवा 4000 आकाराचं रीळ, 7 ते 8 फुटांचा मध्यम-जड रॉड, पीई 1.5 ते 2 जाडीचा ब्रेडेड दोरा (पीई हे अशा दोऱ्याच्या जाडीचं माप). साळ नदीपासून तेरेखोलपर्यंत यात भागतं. रात्री तर दुसरा विचारच नको. अंधारात लुअर कधी पाण्याला टेकला हे दिसत नाही, आणि बेटकास्टरवरच्या अंगठ्याला नेमकं तेच कळावं लागतं.

मग बेटकास्टर कुठे? होडीत किंवा कयाकवर, खारफुटीला समांतर जाताना. चोडणच्या कडेने किंवा कुंभारजुवे कालव्याच्या आतल्या वळणांत मुळांच्या जाळीत 10-15 मीटरांवरून लुअर अगदी वीतभर जागेत टाकायचा असतो. अंतर कमी, वजन 15-20 ग्रॅम, आणि फेकी पुष्कळ. तिथे अंगठ्याने लुअर हवेतच थांबवून मुळाच्या अलीकडे हळूच सोडता येतो. स्पिनिंगवरही बोटाने दोरा अडवून हे साधतं, पण इतकं हुकमी नाही. शिवाय तिथे तांबसो असतो. तो चोणकासारखा उड्या मारून दाखवत नाही. लुअर तोंडात घेतला की त्याच श्वासात मागे वळून मुळांत घुसतो. पहिल्या दोन सेकंदांत त्याला वळवलं नाही तर दोरा मुळाला घासून तुटतो आणि गळ त्याच्या तोंडात राहतो. बेटकास्टरवर दोरा स्पूलमधून सरळ रॉडकडे जातो, स्पिनिंगवर तो बेलच्या टोकाशी असलेल्या रोलरवर काटकोनात वळतो. त्यामुळे करकचून बांधलेल्या ड्रॅगवर मासा खेचून काढायला बेटकास्टर हाताला जास्त भक्कम लागतं, आणि वरून अंगठाही दाबता येतो. इथे पीई 3 चा दोरा घ्या. बारीक दोरा ताणाखाली स्पूलवरच्या थरांत रुततो आणि पुढची फेक मध्येच अडकते.

एक सांगून ठेवतो : कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. लुअर अडकला म्हणून पाण्यात पाय घालू नका. लुअर नवा मिळतो.

खरेदी करताना सर्वात जास्त फसगत आकड्यांनी होते. डब्यावर गिअरचं प्रमाण छापलेलं असतं, बेटकास्टरवर 7.1:1 आणि स्पिनिंगवर 6.2:1, आणि माणूस समजतो पहिलं जास्त वेगवान. पण हे प्रमाण हँडलच्या एका फेऱ्यात बेटकास्टरचा स्पूल किंवा स्पिनिंगचा रोटर (बेल बसवलेला फिरता भाग) कितीदा फिरतो एवढंच सांगतं. बेटकास्टरचा स्पूल साधारण 34 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे घेर जेमतेम 107 मिलिमीटर. सात पटींनी दोरा येतो 75 सेंटिमीटरच्या आसपास. 4000 च्या स्पिनिंगचा स्पूल 50 मिलिमीटरच्या घरात, तेव्हा कमी प्रमाण असूनही दोरा 95 सेंटिमीटरच्या पुढे जातो. एका फेऱ्यात किती सेंटिमीटर, हा आकडा बघा. चोणक लुअर घेऊन तुमच्याकडेच पोहत आला तर सैल दोरा गोळा करायला तोच उपयोगी पडतो.

रॉडचंही तसंच. स्पिनिंगच्या रॉडला हँडलजवळचं कडं मोठं असतं, कारण वेटोळ्यांनी सुटणारा दोरा त्यात आवळला जाऊन सरळ होतो. बेटकास्टरच्या रॉडची कडी लहान, वरच्या बाजूला, आणि पकडीखाली बोट अडकवायला ट्रिगर. एकाचं रीळ दुसऱ्यावर बसतं, कारण बैठक सारखीच असते. म्हणूनच दुकानात कुणी दोन्ही चालतात म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका. ट्रिगरच्या रॉडवर स्पिनिंग रीळ लावून फेकलं की दोरा पहिल्या कड्यावर फटके खातो आणि निम्मं अंतर तिथेच संपतं. बहुतेक स्पिनिंग रिळांचं हँडल डावीकडून उजवीकडे काढून लावता येतं. बेटकास्टरचं येत नाही, ते डाव्या किंवा उजव्या हाताचंच विकत घ्यावं लागतं.

स्पर्धेचं गणित याहून निराळं आहे. अमेरिकेत रे स्कॉट यांनी 1967 साली अर्कन्सॉमधल्या बीव्हर तलावावर मोठी बास स्पर्धा भरवली, तिथून त्या खेळाला आजचं रूप आलं. 1971 मध्ये लेक मीडवर पहिली क्लासिक, म्हणजे अजिंक्यपदाची स्पर्धा, झाली. 1972 पासून मासा जिवंत सोडायची मोहीम सुरू झाली, आणि या खेळाने जगाला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट मी तीच मानतो. तिथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, गवतात आणि बुडालेल्या झाडांत राहणारा. आपल्या चोणकाशी त्याचं कूळही जुळत नाही. खेळाडूच्या हातात ठरावीक तास असतात आणि मोठ्या स्पर्धांत बहुधा सर्वोत्तम पाच माशांचं वजन धरतात. म्हणून होडीच्या पुढच्या फळीवर अनेक रॉड बांधून तयार ठेवलेले, प्रत्येकावर वेगळा लुअर. दिवसभरात शेकडो जवळच्या फेकी. बटण दाब, टाक, हँडल फिरव. यात बेल उघडणं-मिटणं वाचतं, आणि तेवढ्या फेकींत ते थोडके सेकंद साठत जातात. बेटकास्टर तिथे राज्य करतं ते या कारणाने. पण नीट बघितलंत तर त्याच फळीवर स्पिनिंगचेही रॉड पडलेले दिसतील. पाणी नितळ झालं, मासा बुजला, की तेच खेळाडू बारीक दोरा आणि काही ग्रॅमचं वजन लावून स्पिनिंगकडे वळतात.

आपल्याकडे कयाकवरच्या स्पर्धेत उतरणार असाल तर दोन रॉड न्या, दोन्ही प्रकारचे, आधीच बांधलेले. अशा स्पर्धांत बहुधा मासा पट्टीवर मोजून, फोटो काढून सोडायचा असतो. तेव्हा त्याला दमवून अर्धमेला करण्यात अर्थ नाही. चोणक जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मीटरभर लांबीचा चोणक जवळपास नक्की अंडी घालणारी मादी. तिला दोन्ही हातांनी आडवी धरा, कल्ल्यांत बोटं घालू नका. कल्ल्याची कड सुरीसारखी धारदार असते, तुमच्या बोटांसाठीही आणि दोऱ्यासाठीही. म्हणूनच रीळ कुठलंही असो, ब्रेडेड दोऱ्यापुढे 40-50 पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (लुअरच्या आधी जोडलेला चिवट दोऱ्याचा तुकडा) दीड-दोन हात हवाच. चोणकाचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं, नुसता ब्रेडेड दोरा त्यात टिकत नाही. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावा, आणि अंदाजाने नको, वजनकाट्याला दोरा बांधून ओढून पाहा. 30 पौंडांच्या दोऱ्याला साडेतीन ते साडेचार किलो पुरे. तांबशासाठी मुळांजवळ हे वाढवावं लागतं, ते मात्र अनुभवाने.

घरी आल्यावर रीळ धुणं हे बेटकास्टरवाल्यांनी जास्त मनावर घ्यायचं. त्याच्या तोंडाशी दोरा डावी-उजवीकडे नेणारा एक मळसूत्री दांडा असतो, त्याच्या खाचेत मीठ आणि वाळू जाऊन बसते. ड्रॅग घट्ट करून, गोड्या पाण्याची मंद धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आतच जातं. पुसून, सावलीत सुकवून, त्या दांड्यावर तेलाचे दोन थेंब, आणि ड्रॅग सैल करून ठेवा. स्पिनिंगच्या रोलरलाही एक थेंब लागतो. तो अडला की दोऱ्याला पीळ पडायला सुरुवात होते, आणि दोष मात्र दोऱ्याला दिला जातो.