मंडळाचा सांस्कृतिक महोत्सव: कोणता कागद आधी काढायचा?

चार दिवसांचा महोत्सव असो की एका संध्याकाळचं चित्रप्रदर्शन आणि एकांकिका, सुरुवात जागेच्या कागदापासून करा. पोलीस ठाणं असो वा महावितरण, पहिली मागणी त्याचीच होते. मैदान पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर त्यांची लेखी परवानगी, खासगी असेल तर मालकाचं संमतिपत्र आणि सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. मंडप रस्त्यावर येत असेल तर वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखलाही हवा.

नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला गणेशोत्सव-नवरात्रासाठी वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ क). अर्ज ऑनलाइन भरता येतो. बैठकीचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी व ओळखपत्रं, जागेचा दाखला आणि गेल्या वर्षीचा हिशेब तयार ठेवा. ठरावात ‘मित्र मंडळ’ आणि जागेच्या परवानगीत ‘तरुण मंडळ’ असं झालं की अर्ज त्रुटीत निघतो. नाव, पत्ता आणि तारखा सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच असू द्या.

ध्वनिक्षेपकाचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात. त्यात दिवस, वेळ, कर्ण्यांची संख्या, साउंडवाल्याचं नाव आणि मंचाचा कच्चा नकाशा द्या. कर्ण्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही दाखवा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. १२ वाजेपर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस असते आणि ते दिवस शासन-प्रशासनच ठरवतं, मंडळाला आपल्या सोयीची तारीख मिळत नाही. म्हणून शेवटचा कार्यक्रम साडेनऊला आटोपेल अशीच आखणी करा. बक्षीस समारंभ शेवटी ठेवला की हमखास माइक मध्येच बंद करायची वेळ येते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र लागू शकतं, तेव्हा जागा ठरवतानाच अंतर मोजून घ्या.

नाटक, एकांकिका, लोकनाट्य असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. जागेच्या कागदासोबतच हे कामही हाती घ्या, कारण संहिता वाचून व्हायला वेळ लागतो. पूर्ण संहिता द्या, नुसता सारांश चालत नाही. नंतर संवाद बदलले तर बदललेला भाग पुन्हा दाखवा. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे लेखकाची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वेगळी, लेखी आणि प्रयोगाची तारीख व ठिकाण घालूनच घ्या. हौशी संस्था इथेच चुकतात आणि त्यात लेखकाचं मानधन बुडतं.

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, शेजारच्या घरातून वायर ओढू नका. अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. खाद्यपदार्थांचे स्टॉल असतील तर प्रत्येक विक्रेत्याकडून अन्नसुरक्षा नोंदणीची प्रत आधीच मागून घ्या.

उत्सव संपला की जमाखर्च धर्मादाय कार्यालयात सादर करा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तोच जोडायचा असतो.