ओकाव्हँगो त्रिभुज प्रदेश : हिवाळ्यातील वन्यजीवदर्शन

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील बोत्स्वाना देशात, कालाहारीच्या वाळूवर पसरलेला ओकाव्हँगो हा अंतर्देशीय त्रिभुज प्रदेश वन्यजीवदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे हजारावे स्थळ होय. येथील सफारीचा मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट हा, म्हणजे दक्षिण गोलार्धातील हिवाळा असतो. ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यामुळे बंद असते, त्याच सुमारास हा हंगाम भरात येतो.

ओकाव्हँगो नदी अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून मोहेम्बो येथे बोत्स्वानात शिरते आणि समुद्राला न मिळताच वाळूत पसरते. अंगोलात पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. त्याच्या पुराचा जोर मोहेम्बोला साधारणपणे एप्रिलमध्ये दिसतो. तेथून त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाशी असलेल्या माऊन गावापर्यंतचा उतार इतका मंद आहे की सुमारे २५० किमी. अंतरात भूमी जेमतेम ६० मी. खाली येते. पपायरस या उंच लव्हाळ्याच्या दाट बेटांतून, पाणकमळांच्या प्रवाहांतून झिरपत जाणारे पाणी हे अंतर कापायला तीन-चार महिने घेते. परिणामी स्थानिक आकाशात मे ते सप्टेंबर या काळात ढगही क्वचितच दिसत असताना पूर मात्र ऐन हिवाळ्यात सर्वांत दूरवर पसरलेला असतो. यातील बहुतेक पाणी बाष्पीभवनाने आणि वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनाने उडून जाते. पुढे बोटेटी नदीवाटे बाहेर पडणारा भाग अगदी अल्प असतो.

हिवाळ्यात गवत वाळते, पाने झडतात आणि प्राणी चटकन नजरेस पडतात, हे सफारीच्या माहितीपत्रकांतील स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. आसपासच्या मोपाने वृक्षांच्या रानांतील पावसाळी डबकी याच काळात आटतात, त्यामुळे हत्ती, आफ्रिकी म्हशी आणि झेब्रे त्रिभुज प्रदेशाकडे सरकतात. त्याच वेळी पुराचे पाणी चढत असल्याने कोरडी जमीन तुकड्यातुकड्यांत विभागली जाते. प्राणी दाटीने दिसतात ते बेटांवर आणि पाण्याच्या काठांवर. त्यांपैकी अनेक बेटांचा आरंभ वाळवीच्या वारुळांपासून झालेला आहे. मात्र पूर दरवर्षी सारखा नसतो. गेल्या वर्षी गाडी जेथून गेली ती वाट या वर्षी पाण्याखाली असू शकते, म्हणून एका हंगामातील दर्शनांच्या याद्यांवरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणे फारसे शहाणपणाचे नाही.

पूरमैदानांवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्राण्यांत लाल लेचवे या कुरंगाची गणना होते. त्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब आणि खूर लांबट व फाकलेले असल्याने उथळ पाण्यातून तो सहज उड्या मारत पळतो आणि संकटात पाण्याचाच आश्रय घेतो. त्रिभुज प्रदेशाच्या डूबा भागातील सिंह मात्र म्हशींच्या कळपामागे पाण्यात उतरण्यास कचरत नाहीत. थंड सकाळी पाणघोडे आणि मगरी उन्हासाठी काठावर पडून राहतात, त्यामुळे एरवी केवळ नाकपुड्या आणि डोळे दाखवणारा पाणघोडा पूर्ण देहानिशी पाहावयास मिळतो.

हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे आफ्रिकी रानकुत्रा. आपल्याकडील रानकुत्र्याहून, म्हणजे कोळसुंद्याहून, त्याची प्रजाती वेगळी असून अंगावर काळे, पिवळसर व पांढरे ठिपके असतात आणि पुढच्या पायाला चारच बोटे असतात. शेकडो चौ. किमी. क्षेत्रात सतत भटकणारी त्याची टोळी एरवी शोधूनही सापडत नाही. परंतु मे अखेर ते जुलै या काळात मादी जुन्या बिळात पिल्ले घालते आणि पुढील सुमारे तीन महिने संपूर्ण टोळी त्या जागेशी बांधली जाते. शिकारीहून परतलेले कुत्रे पिल्लांसाठी आणि त्यांच्या राखणीला थांबलेल्यांसाठी मांस ओकून टाकतात. हे दृश्य पाहण्याचा मोह आवरून गाड्यांची संख्या व अंतर यांवर बंधन पाळणे येथे अत्यावश्यक ठरते, कारण त्रास झाल्यास मादी पिल्ले दुसरीकडे हलवते.

पक्ष्यांच्या बाबतीत हिवाळा काहीसा उणा असतो. किरमिजी वेड्या राघूंसारखे स्थलांतरी पक्षी अद्याप परतलेले नसतात. मत्स्यगरुड, मासेमार पेल घुबड आणि गळ्याखाली दोन पाळ्या लोंबणारा वॅटल्ड क्रौंच हे रहिवासी मात्र दिसतात. जगातील स्लेटी बगळ्यांपैकी बहुसंख्य याच प्रदेशात आहेत.

सफारीची गाडी पहाटे उजाडताना निघते. तेव्हा उघड्या गाडीत तापमान कधी शून्याजवळ गेलेले असते, तर दुपारी ते २५° से.च्या आसपास पोहोचते. त्यामुळे कपड्यांचे थर एकेक करून उतरवत जावे लागते. त्रिभुज प्रदेशातील मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये तेथील बाटावाना लोकांनी आपल्याच भूमीवर, शिकारीने घटत चाललेल्या प्राण्यांच्या रक्षणासाठी स्थापन केले. तेथे वाट सोडून गाडी नेण्यास आणि रात्रीच्या फेरीस मनाई असते. भोवतालच्या खासगी सवलतक्षेत्रांत, म्हणजे सफारी चालवणाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिलेल्या भागांत, या दोन्ही गोष्टींना मुभा असल्याने बिबट्या व तरसांची रात्रीची दर्शने बहुधा तेथीलच असतात. जेथे गाडी जाऊ शकत नाही तेथे मोकोरो ही लांब काठीने ढकलली जाणारी अरुंद होडी वापरतात. ऑगस्टच्या अखेरीस पाणी ओसरू लागते, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर आफ्रिकी पाणचिरे हे पक्षी घरटी करू लागतात.