मोटर घ्यायला येण्याआधी दोरी घेऊन विहिरीवर जा

आमच्या मोटर-पंपाच्या दुकानात फोन येतो, "पाच एचपीची केवढ्याला?" आम्ही विचारतो, हेड किती, म्हणजे पाणी एकूण किती उंच चढवायचंय? पलीकडून उत्तर, "शेजाऱ्याची पाचचीच हाय की!" तासगाव-सावळज पट्ट्यातून असे फोन रोजचेच. आम्ही नुसत्या एचपीवर भाव सांगत नाही म्हणून काही मंडळी रागावतातही. म्हणून हे लिहून काढलं.

एचपी म्हणजे मोटर दर सेकंदाला किती काम उरकते त्याचं माप. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण एकूण काम किती, ते मोटर ठरवत नाही. ते ठरतं पाण्याच्या वजनावर आणि उंचीवर. १०,००० लिटर पाणी १५० फूट चढवायचं तर पाण्यालाच सव्वा युनिट लागतं. मोटर, पंप मिळून निम्मं वाया गेलं असं धरा, मीटर अडीच युनिट पळणार. पाच एचपीला हे काम पस्तीस-चाळीस मिनिटांचं, दहाला त्याच्या निम्म्या वेळाचं, युनिट तेवढेच. तेही पाइप मोठा टाकला तर. जुन्याच दोन इंचीतून दुप्पट पाणी ढकललं की घर्षणात जाणारं हेड साधारण चौपट होतं.

आता खरी चूक. हेड म्हणजे विहिरीची खोली नव्हे. विहिरीतल्या पाण्यापासून ते जिथं पडतं तिथपर्यंतची उभी उंची, अधिक पाइपातलं घर्षण. एक काका साठ फूट सांगून पंप घेऊन गेले. चौथ्या दिवशी पंप परत, "पाणीच चढंना." जाऊन बघतो तर पाणी साठ फुटांवर खरं, पण टाकी माळावर, विहिरीच्या काठापासून आणखी नव्वद फूट वर! पंप चांगला होता. काढायची-बसवायची मजुरी मात्र दोनदा गेली.

उलटंही होतं. उन्हाळ्यातलं हेड धरून पंप घेतला आणि पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली. उंची घटली म्हणजे लोड हलका, असं वाटतं ना? नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपात (आतल्या फिरत्या चाकानं पाणी फेकणारा) तसं होत नाही. पाणी एकदम जास्त फेकलं जातं, अँपिअर (मोटर ओढते तो करंट) चढतात, करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले ट्रिप होतो. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हरनं रिलेचं सेटिंग वाढवतो, आणि आठवड्याभरात काळी पडलेली वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) आमच्या टेबलावर येते. अशा मोटरला आम्ही गॅरंटी देत नाही. वाईटपणा येतो, पण इलाज नाही.

इलाज आहे तो डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरच्या व्हॉल्व्हचा. तो थोडा दाबा, अँपिअर खाली येतात. "व्हॉल्व्ह दाबला तर मोटर जळंल" असं अजून ऐकतो. सेकंदाला पाणी कमी उचललं तर काम कमीच होणार, अँमीटरवर बघून खात्री करा. पुरता बंद करून मात्र चालवू नका, आतलं पाणी तापतं.

येताना एवढं घेऊन या: उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी, टाकीची उंची, पाइपची लांबी आणि इंच, जुन्या मोटरच्या पाटीचा फोटो. मोजायला जमत नसेल तर आमचा मुलगा येईल. त्याचा फेरीखर्च मोटर आमच्याकडून घेतली तर बिलातून वजा. शनिवारी बाजारामुळे गर्दी असते, सकाळी लवकर या.